त्या दिवशी काटा ८०० ग्रॅम वर का गेला?

पत्र थोडक्यात असं: गोव्यातल्या फोंड्याहून एका वाचक मैत्रिणीने लिहिलंय. वय ३६, बँकेत नोकरी, पहिलीतला मुलगा. दीड वर्षापूर्वी धावायला लागली, यंदा पोहायला शिकली (समुद्रात अजून गेली नाही) आणि आता सहा आठवड्यांनी पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन आहे, म्हणजे ७५० मीटर समुद्रात पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ती म्हणते, "ताई, आमच्या ग्रुपमधला सीनियर सांगतो की तहान लागली म्हणजे उशीर झाला, दर १५ मिनिटांनी प्यायचंच. मागच्या महिन्यात पणजीत १० किलोमीटरची रन होती, त्याचं ऐकून पहाटे चारपासून दीड लिटर पाणी प्याले, वाटेत पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास. शेवटी शेवटी मळमळ, डोकं ठणकायला लागलं, बोटातली अंगठी निघेना, घरी येऊन उलटी. ग्रुपवर सगळे म्हणाले डिहायड्रेशन, अजून प्यायला हवं होतंस. त्यात वजन केलं तर पहाटेपेक्षा ८०० ग्रॅम जास्त, म्हणजे एवढं धावून तेही नाही उतरलं. नवरा म्हणतो तुझ्या अंगाला हे झेपत नाही, यंदा सोड. सासूबाई म्हणतात धावताना पाणी पिऊच नये. आणि खरं सांगू तर एरवी टॉयलेटच्या भीतीने बाहेर पडताना मी पाणीच पीत नाही. रेसला नक्की किती लिटर पिऊ? आणि रेस करू की सोडू?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर थांबले. ती वजनाची ओळ. तू ती जाता जाता लिहिलीयस, जरा नाराजीने, पण सगळ्या पत्रात तीच सगळ्यात कामाची आहे.

दीड तास धावलीस, पणजीच्या दमट हवेत, टी-शर्ट पिळून काढावा एवढा घाम गेला असणार, आणि तरी काटा वर. शरीरातलं पाणी कमी झालेल्या माणसाचं वजन वाढत नाही गं. १० किलोमीटर धावून तुझ्यासारख्या बारीक बाईची चरबी जळते ती शंभर ग्रॅमसुद्धा नाही, काट्यावर जे एवढं वर-खाली होतं ते पाणी असतं. म्हणजे त्या दिवशी तू घामातून जेवढं घालवलंस त्यापेक्षा बरंच जास्त तोंडाने घेतलंस, आणि ते बाहेरही गेलं नाही. अंगठी घट्ट झाली, पोट डब्ब, डोकं ठणकतंय, मळमळ आणि वजन वाढलेलं, हे सगळं एका ओळीत मांडून बघ. मी डॉक्टर नाही आणि तुझं रक्त त्या दिवशी कोणी तपासलेलं नाही, त्यामुळे ठप्पा मारणार नाही. पण "अजून प्यायला हवं होतंस" हा सल्ला त्या दिवशी तुझ्यासाठी उलटा होता, एवढं मी नक्की म्हणेन, आणि तो ऐकून घरी आल्यावर तू आणखी एक लिटर प्याली नाहीस (उलटी झाली म्हणून असेल) हे बरंच झालं.

हे होतं कसं ते सांगते. हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, मीठ बरोबर पडलंय आणि वर कोणी दोन तांबे पाणी ओतलं तर मीठ कुठे जात नाही, पण हुमण अळणी होतं. रक्ताचंही तसंच. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. मग पाणी पेशींमध्ये शिरतं, पेशी फुगतात, हाताची बोटं फुगली तर अंगठी अडकते एवढंच, पण मेंदू कवटीत बंद असतो, त्याला फुगायला जागा नाही, म्हणून डोकेदुखी, उलटी, आणि वाढलं तर गोंधळल्यासारखं होणं, झटके येणं. आणि एरवी आपण जास्त प्यालो तर लघवीला जाऊन मोकळे होतो ना, पण लांब श्रम चालू असताना शरीर पाणी धरून ठेवणारं हार्मोन सोडतं, मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकायला हात आखडतात. म्हणून घरात बसून दोन लिटर पिणं वेगळं आणि धावत असताना पिणं वेगळं.

ही काही माझ्या डोक्यातली थिअरी नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये संशोधकांनी ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं, त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. पाहणी २००५ साली छापून आली. आणि सगळ्यात ठळक खूण कोणती सापडली, तर धावताना वजन वाढणं. चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्यांना धोका अधिक होता. हे आपल्यासारख्यांनी नीट लक्षात घ्यायला हवं, कारण पुढे पळणाऱ्यांना प्यायला वेळच नसतो, आपण मागे असतो, घाम त्यांच्यापेक्षा कमी गाळतो आणि प्रत्येक टेबलावर थांबून दोन ग्लास पितो.

तुझ्या सीनियरवर मी रागावणार नाही, तूही रागावू नकोस. त्याने जे शिकलं तेच तो सांगतोय. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचा १९९६ चा सल्लाच असा होता की घामाएवढं प्या, किंवा पोटाला सोसेल तेवढं जास्तीत जास्त प्या. २००७ साली त्यांनीच तो बदलला, आता म्हणतात वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरू देऊ नका आणि वाढू तर मुळीच देऊ नका. पण जुनी वाक्यं ग्रुपवर फिरत राहतात. "तहान लागली म्हणजे उशीर झाला" हे त्यातलंच. तहान ही काही कमजोरी नाही, रक्त थोडं घट्ट झालं की ती लागते, आणि तुझ्या अंतराच्या शर्यतीत ती वेळेवर लागते.

आणि अंतराचाच मुद्दा घे. तुझ्या ग्रुपमधले बहुतेक जण पणजीतल्या मिरामारच्या आयर्नमॅन ७०.३ या लांब ट्रायथलॉनची तयारी करणारे असावेत, २०१९ मध्ये ती इथे पहिल्यांदा झाली तेव्हापासून गोव्यात सगळ्यांच्या तोंडी तीच भाषा आहे. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं, साडेआठ तासांची मुदत. सहा-सात तास उन्हात राहायचं तर त्यांना पाणी, मीठ, ताकदीसाठीचं गोड जेल, सगळ्याचा हिशोब लागतोच. तुझी शर्यत किती वेळाची? तू लिहिलेल्या वेळा धरल्या तर दोन तास, फार तर सव्वादोन. त्यातली २०-२५ मिनिटं पाण्यात, तिथे पिताच येत नाही. म्हणजे तू सात तासांचा प्लॅन दोन तासांच्या कामाला लावतेयस. किती लिटर पिऊ असं विचारलंस ना, तुझ्या रेसला लिटरांची गरजच नाही.

मग नक्की किती? ते मी सांगू शकत नाही, तुझा सीनियरही नाही, ते तुझा काटा सांगेल. एका तासात कोणाचा अर्धा लिटर घाम जातो, कोणाचा दोन लिटर. माझ्याबरोबर सायकल चालवणारी एक मैत्रीण कोरडीठाक असते आणि माझ्या कोपरातून थेंब टपकत असतात, रस्ता तोच, वेळ तीच.

या रविवारी हे कर. उठल्यावर टॉयलेटला जाऊन ये, कमीत कमी कपड्यात वजन कर, एक दशांशापर्यंत लिहून ठेव. बाटलीत मोजून पाणी घे. बरोबर एक तास धाव किंवा सायकल चालव, रेसला जो वेग असेल त्या वेगाने, पाणी तहानेप्रमाणे. परत आल्यावर आधी अंग टॉवेलने खसखसून पूस, केसही, घामाने जड झालेले कपडे काढ आणि मगच काट्यावर उभी राहा. समज आधी ५७.६ होतं, नंतर ५७.० भरलं, आणि मधल्या वेळात ४०० मिलि प्यालीस. ६०० ग्रॅम उतरलं म्हणजे साधारण ६०० मिलि, त्यात प्यालेलं ४०० मिळव, तुझा घाम तासाला एक लिटर. मध्ये लघवीला गेलीस तर तेवढं वजा. बस, एवढंच गणित. हे एकदा पहाटे सहाला कर आणि एकदा नऊच्या उन्हात, कारण तुझं धावणं रेसमध्ये त्याच सुमारास येणार आहे आणि आपण मात्र सगळी प्रॅक्टिस पहाटे उरकतो. दोन आकड्यांतला फरक बघून तुझे तुलाच कळेल. गोव्यातला घाम फसवतो पण, हवेत एवढी वाफ असते की तो सुकत नाही, नुसता गळतो, आणि गळलेला घाम अंग थंड करत नाही. म्हणून उन्हातली सवय पाण्यापेक्षाही मोठी गोष्ट आहे, दहा-चौदा दिवस रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की शरीर स्वतःच बदलतं, लवकर घाम सोडायला लागतं आणि त्यातलं मीठ वाचवायलाही शिकतं.

आता तो एक लिटर घाम म्हणजे एक लिटर प्यायचं असंही नाही. ५८ किलोच्या बाईचे दोन टक्के म्हणजे जवळजवळ १.१ किलो, तेवढं उतरलं तरी चालतं. दोन तासांत दोन लिटर गेले आणि ९०० मिलि भरून काढले तरी तू बरोबर जागी आहेस. त्यामुळे सायकलला ७५० मिलिची एक बाटली, धावताना तहान लागेल तसे टेबलावरचे घोट-दोन घोट, झालं.

पण हे फक्त रेसचं. टॉयलेटच्या भीतीने पाणी न पिण्याबद्दल तू शेवटी एक वाक्य लिहिलंयस, त्यावर मला जास्त बोलायचंय, कारण अशी पत्रं मला नेहमी येतात आणि सगळी बायकांची असतात. दिवसभर काउंटरवर कोरडं बसायचं, लघवीला जळजळ झाली की गोळी घ्यायची, आणि मग रेसच्या सकाळी भीती म्हणून एकदम दीड लिटर ढोसायचं. दोन्ही त्रास एकाच सवयीचे आहेत. पहाटे एकदम भरलेलं पाणी काही साठून राहत नाही, निम्मं तुला स्टार्टलाइनवर टॉयलेटच्या रांगेत उभं करतं. त्यापेक्षा आदल्या दोन दिवसांत जेवणाबरोबर, मधे मधे, नेहमीसारखं पी, लघवी फिकट लिंबू सरबताच्या रंगाची राहिली की पुरे, दिवसभर नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ असेल तर जास्त होतंय (बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर रंगावर जाऊ नकोस, ती पिवळीधम्मक करते). रेसच्या सकाळी सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी ३५०-४०० मिलि, त्यातच चहाही धरला. तेवढ्याला निघून जायला वेळ मिळतो. मग स्टार्टच्या आधी तोंड कोरडं वाटलं तर दोन घोट. हा प्रयोग आधी दोन रविवार घरी करून बघ, कितव्या मिनिटाला जावं लागतं ते लिहून ठेव, एकदा ते वेळापत्रक कळलं की भीती बरीचशी जाते. आणि आयोजकांना आत्ताच मेल टाक की बायकांसाठी टॉयलेट किती आणि कुठे आहेत, ट्रान्झिशनजवळ (पोहून आल्यावर सायकल घेतो ती जागा) एखादं आहे का. लाजू नकोस. आपण विचारत नाही म्हणून ते ठेवत नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं, तेही अगदीच टाकाऊ नाही हं. धावताना पोट हिंदकळतं, एकदम ग्लासभर प्यालं की कळ येतेच. त्यांचा अनुभव खरा आहे, उपाय फक्त "पिऊच नये" हा नाही, तर घोट घोट आणि शक्यतो सायकलवर. सायकलवर पोट शांत असतं, तीच प्यायची जागा. पाण्यातून बाहेर आल्यावर पहिली पाच मिनिटं काही नको, तोंडात खारट पाणी गेलेलं असतं, श्वास लागलेला असतो, आधी एक चूळ भर. श्वास बसला की मग दर दहा-पंधरा मिनिटांनी वाटलं तर दोन घोट. आणि शेवटची दहा मिनिटं कमी कर म्हणजे उतरून धावायला लागशील तेव्हा पोट हलकं असेल.

बाटली काढायची प्रॅक्टिस केलीयस का? हसण्यासारखी गोष्ट नाही. फ्रेमच्या खालच्या पिंजऱ्यातून न बघता बाटली ओढायची, एका हाताने हँडल सरळ धरायचं, दातांनी झाकण उघडायचं, पिऊन परत त्याच जागी खुपसायची, तीही न बघता. पहिल्यांदा बाटली आत जाताना पिंजऱ्याच्या कडेवर आपटते, हात दचकतो, पुढचं चाक वळतं. मी कुडतरीच्या शेताकडच्या रस्त्यावर, जिथे सकाळी सात वाजता पाववाला सोडून कोणी नसतं, तिथे आठवडाभर हेच केलं, काढ, घोट घे, ठेव, काढ, घोट घे, ठेव. तुला फोंड्यात चढउतार आणि ट्रकांची वर्दळ, म्हणून मैदानात किंवा कॉलनीच्या आतल्या सपाट रस्त्यावर कर. सायकलवर पाणी पिता न आल्यामुळे भरलेली बाटली घेऊन परत आलेले नवखे मी खूप पाहिलेत.

बाटलीत काय घालायचं? ७५० मिलि पाण्यात सहा चमचे साखर, पाव चमचा मीठ, लिंबू. चमचे सपाट, शीग लावून नाही. कोकमचं आगळ घरात असेल तर लिंबाऐवजी ते घाल, पण आगळात आधीच मीठ असतं, वरून घालू नकोस. आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं, पाणी छान, रेस झाल्यावर जरूर पी, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण घामातून जातं ते मुख्यतः सोडियम आणि ते त्यात कमी, म्हणून त्याला इलेक्ट्रोलाइटचा पर्याय समजू नकोस. मिठाच्या गोळ्या तुझ्या अंतराला नकोत. लोकांना वाटतं की गोळी घेतली म्हणजे कितीही पाणी प्यायला मोकळे, तसं होत नाही, पाणी जास्त झालं तर गोळीने ते निस्तरत नाही.

ओआरएसबद्दल तू विचारलं नाहीस पण बाकीचे विचारतील म्हणून सांगते. ते मुळात हगवणीसाठी आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना साखर-मिठाचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले, २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. खरं ओआरएस म्हणजे डब्ल्यूएचओच्या सूत्राचं, पाकीट एका लिटरला म्हणजे एका लिटरलाच, पेल्यात घट्ट ढवळून नाही. दुकानात रंगीत खोक्यातली गोड सरबतं त्याच नावाने विकली जायची, २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. तर घेताना खोका उलटा करून वाच. फार घाम गेलेल्या दिवशी नंतर एक ग्लास घ्यायला हरकत नाही.

खाण्याचं मी लांबवत नाही. रेसच्या सकाळी पेज, थोडं मीठ, बरोबर केळं, एवढं तुझ्या पोटाला माहीत असेल तर तेच. आदल्या रात्री शीत (भात) आणि काहीतरी साधं. मसालेदार शाकुती दुपारी, रेस झाल्यावर, मेडल गळ्यात घालून. एक मात्र कडक सांगते, पाय दुखू नयेत म्हणून रेसच्या आधी आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर घेऊ नकोस, मूत्रपिंडावर ताण येतो आणि पाणी साठण्याचा धोका वाढतो. आणि पिंडरीत गोळा आला की मीठ कमी पडलं असं लगेच ठरवू नकोस, पोहताना पंजा ताणून ठेवल्यानेही येतो, स्नायू थकल्यानेही येतो.

आता तुझा दुसरा प्रश्न, करू की सोडू.

पत्रात तू पाण्याबद्दल दोन पानं लिहिलीयस आणि पोहण्याबद्दल एक ओळ, "समुद्रात अजून गेले नाही". प्यायच्या पाण्याचा एवढा घोर लावून घेण्यामागे त्या दुसऱ्या पाण्याची भीती असावी असं मला वाटतं. चुकत असेन तर सांग. पण सहा आठवड्यांवर रेस आणि समुद्रात एकदाही नाही, तर झोप उडायला तेच कारण पुरेसं आहे. २५ मीटरच्या पूलमध्ये तीस लॅप मारणं आणि ७५० मीटर लाटांत जाणं यात फार फरक. तळ दिसत नाही, भिंत नाही, बाजूला कोणाचा तरी पाय लागतो आणि छाती भरून येते. मला पहिल्यांदा करंजाळ्याच्या किनाऱ्यावर असंच झालं होतं, कमरेएवढ्या पाण्यात उभी असून श्वास खाली जाईना. मग मी नुसती उताणी तरंगत राहिले, आकाश बघत, बराच वेळ. त्या दिवशी पोहलेच नाही. पुढच्या वेळी शंभर मीटर गेले.

तर नवऱ्याच्या म्हणण्याकडे बघू. त्याला काळजी वाटते, बायको उलट्या करत घरी आली तर कोणालाही वाटेल, पण "तुझ्या अंगाला झेपत नाही" हा निष्कर्ष त्या दिवसावरून निघत नाही. दीड तास धावायला अंगाला झेपलं, जास्तीचं पाणी झेपलं नाही. हे पत्र त्याला वाचायला दे, आणि रविवारी वजनाचे आकडे त्यालाच लिहायला सांग.

माझं मत, आत्ता सोडू नकोस, पण आत्ताच पक्कंही करू नकोस. रेसच्या दहा दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर लाल कर, त्या दिवशी ठरव. तोपर्यंत समुद्रात किमान चार वेळा पोहून झालेलं असू दे, त्यातलं शेवटचं ७०० मीटरच्या आसपास, सावकाश, वेळ न बघता. एकटी अजिबात नाही. जीवरक्षक ड्युटीवर असताना, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये, किनाऱ्याला समांतर, सोबत एक अनुभवी पोहणारी आणि कमरेला पोहणाऱ्यांचा नारिंगी फुगा, लांबून दिसावी म्हणून. लाल झेंडा असेल त्या दिवशी परत फिरायचं, फोंड्याहून पेट्रोल जाळून आलो म्हणून उतरायचं नाही. ब्रेस्टस्ट्रोकच येत असेल तर तोच कर, चालतो. रेसमध्ये दम लागला तर कायकला धरून थांबताही येतं, फक्त ते धरून पुढे सरकायचं नाही, नियम एकदा रेसआधीच्या ब्रीफिंगला विचारून घे. आणि लाल तारखेपर्यंत समुद्राशी जमलं नाही तर आयोजकांकडे रिले आहे का बघ, पोहणारी मैत्रीण शोध, सायकल तू कर, धावणं तिसरीला दे. तो कमीपणा नाही. एखादा सीझन समुद्राची ओळख करून घेण्यात गेला तरी चालतो. जमलं तर मात्र बिनधास्त जा.

अजून एक, आणि हे तुझ्यासारख्याच बाकीच्या वाचकांसाठीही. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किडनी किंवा हार्टचं काही असेल, तर वरचे माझे आकडे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा. तुलाही म्हणेन, त्या दिवशीचा प्रकार तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या कानावर घाल, वजनाच्या आकड्यासकट. रेसमध्ये कोणी भेलकांडायला लागलं, विचारलेल्याचं भलतंच उत्तर द्यायला लागलं, तर त्याला बाटलीभर पाणी पाजत बसू नका, आपल्याला माहीत नसतं की त्याला पाणी कमी पडलंय की जास्त झालंय. मेडिकलवाल्यांना बोलवा, ते नसतील तर १०८ लावा. अंग आगीसारखं तापलेलं असेल तर सावलीत घेऊन गार पाण्याने भिजवायला तिथल्या तिथे सुरुवात करा, घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. पाणी डोक्यावर ओतणं आणि पाणी पिणं ही दोन वेगळी कामं आहेत, गरम होतंय म्हणून पीत सुटू नका, डोक्यावर, मानेवर ओता.

आणि सायकलवर स्वतःची बाटली असली तरी धावायला लागताना एक छोटी, २०० मिलिची, पट्ट्यात खोच. एका शर्यतीत आम्ही मागचे पोचेपर्यंत शेवटच्या टेबलावर पाणी संपलेलं होतं, रिकामे ग्लास वाऱ्यावर उडत होते आणि दोन कॉलेजची पोरं बिचारी माफी मागत उभी होती. त्या दिवशी माझ्या मागून आलेल्या एका काकांना मी माझ्या बाटलीतलं अर्धं दिलं. पुरलं दोघांना.

रविवारी काट्यावरचे तीन आकडे मला पाठव, आधीचं वजन, नंतरचं वजन, मध्ये किती प्यालीस. आणि पहिल्यांदा समुद्रात उतरशील त्या दिवशी, पोहलीस किंवा नुसती तरंगलीस, तेही लिही.

– ताई, मडगाव